देव्हाऱ्यातला साहेब

"साहेबाला कातरून काढणार व्हते मी," सुभद्राबाई म्हणाली, "पर त्येचा बूट अंजनाच्या बापाच्या हातावर पडलाय. बूट कापावा तर हात जातोय. मंग ऱ्हाऊ दिला."

मोहनराव वकील मोमिनाबादजवळच्या खेड्यातल्या त्या घरात देव्हाऱ्यापुढे उकिडवे बसले होते. डोळ्याला भिंग होतं. देव्हाऱ्यात खंडोबा, गेलेल्या वाडवडिलांचे चांदीचे टाक, आणि टाकांच्या शेजारी उभं केलेलं विलायती थट्टेचं चित्र. ढेरपोट्या साहेब नाकाला रुमाल लावून उभा. पायाशी दुष्काळात मेलेला एक काळा माणूस उताणा पडलेला. खाली इंग्रजीत ओळ होती : 'जेवायची वेळ झाली, आणि हा वाटेत पडलाय.'

हौसेला मोल नसतं म्हणतात. मोहनरावांच्या हौसेला होतं. मोमिनाबादची छावणी उठली तेव्हा साहेबांच्या मेसचं सामान लिलावात निघालं. लोकांनी खुर्च्या नेल्या, काचेचे दिवे नेले. मोहनरावांनी चित्रांचा गठ्ठा नेला आणि घरच्यांची बोलणी खाल्ली. राणी व्हिक्टोरियाच्या अखेरच्या वर्षांत छावणीतल्याच एका कप्तानाने ती काढून विलायतेत छापून घेतली होती. आपल्याच भाईबंदांची टर उडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आता हैदराबादचा एक जाणकार पूर्ण संच बघायला तयार झाला होता. अपुऱ्या संचाकडे तो ढुंकूनही बघणार नव्हता. आणि ज्या छंदापायी सगळ्या गावाने मोहनरावांना खुळ्यात काढलं, त्यातलं नेमकं एक चित्र या बाईच्या देव्हाऱ्यात जाऊन बसलं होतं.

त्यांनी कडा तपासल्या. शाबूत होत्या. कागद ताठ, छाप लख्ख. फक्त मेलेल्या माणसाच्या कपाळावर रोजच्या गंधाचा डाग पडला होता. पावाच्या चुऱ्याने हलकेच घासलं तर निघेल, त्यांनी मनात ठरवलं.

"काय घ्याल याचं?"

"द्यायचं न्हाई."

"दुसरं चांगलं चित्र आणून देतो. लक्ष्मीचं देतो, रंगीत."

"लक्ष्मीला काय करू? माझा मालक हाय त्यो."

मग तिने सांगितलं. दुष्काळाच्या साली तिचा नवरा धुळाजी काम बघायला म्हणून छावणीकडे गेला, तो आलाच नाही. कुणी म्हणे मेला, कुणी म्हणे मुंबईला गेला. तेव्हापासून ती धड सवाष्ण नव्हती, धड विधवा नव्हती. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, यावर शेजारणी कुजबुजत. कुंकू लावायला बोट उचललं की तिलाच चोरी केल्यासारखं वाटे. वाईट जगणं होतं ते. मग छावणी उठायच्या सुमारास ती मेसच्या खानसाम्याकडे गवऱ्या द्यायला गेली आणि त्याच्या भिंतीवर तिला हे चित्र दिसलं. तिथेच अंगणात तिने बांगड्या फोडल्या. घाबरून खानसाम्याने चित्र देऊन टाकलं. घरी येऊन तिने दहावं घातलं, लेकीला, अंजनाला, पोटाशी धरून रडली, आणि कागद टाकांच्या शेजारी ठेवला.

"तवापासून झोप लागती," ती म्हणाली. "माणूस गेला, पर कुटं गेला ते तर कळलं."

मोहनरावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण हैदराबादचा जाणकारही डोळ्यांपुढून हलेना. शिवाय खोट्याची पूजा चाललेली बघून शिकल्या माणसाची जीभ वळवळतेच.

"बाई, हा तुमचा मालक नाही. हा कुणीच नाही. त्या कप्तानाला आपल्याकडचा माणूस काढायचा म्हटलं की एवढा एकच चेहरा यायचा. तोच सगळीकडे चिकटवायचा."

"ते सुपावाणी कान बगा. चपटं नाक बगा. वळखायला मी चुकन व्हय?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मोहनरावांनी सोबत आणलेला गठ्ठा सोडला आणि सारवलेल्या जमिनीवर एकेक चित्र मांडत गेले. निजलेल्या साहेबाचा पंखा ओढणारा माणूस. घोड्याचा लगाम धरून उभा असलेला माणूस. पहाऱ्यावर डुलक्या घेणारा शिपाई. कोंबडी पळवणारा चोर. साहेबाच्या पोराला खेळवणाऱ्या आयेशी दात काढून बोलणारा खानसामा. सगळ्यांचं नाक चपटं. सगळ्यांचे कान सुपासारखे.

"पटलं?" मोहनरावांनी विचारलं.

सुभद्राबाई गुडघ्यांवर सरकत एकेका चित्रापाशी थांबली. पंख्यापाशी थांबली, घोड्यापाशी थांबली. त्या आयेच्या चित्रापाशी फार वेळ थांबली. तिने पदराने तोंड पुसलं. मग ती उठली, देव्हाऱ्यातलं चित्र दोन्ही हातांनी काढलं आणि मोहनरावांच्या गठ्ठ्यावर आणून ठेवलं.

"न्या," ती म्हणाली. "ह्यात त्यो निस्ता निजलाय. जित्त्या माणसाला टाकांजवळ ठिवत न्हाईत."

संच पुरा झाला होता. मोहनरावांना हात पुढे करवेना.

"बाई, मी काय सांगतोय ते ऐका—"

पण ती चित्रांकडेच बघत होती.

"कोसावर तर व्हता, वकीलसाहेब. खात व्हता, पीत व्हता, हासत व्हता. मंग घरी का म्हून आला न्हाई?"