मालती, घोडी घे

"घोडी? या घरात?" मालतीने पेजेची वाटी टेबलावर आदळली. "आणि तिचं सगळं करणार कोण? मीच ना?"

अजेयने बिस्किट चहात बुडवलं. "मी कुठं म्हणतोय? अप्पा म्हणतायत."

अप्पा म्हणत होते हे खरंच होतं. मार्चमध्ये तिच्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. चार महिन्यांत जेमतेम तीन शब्द परत आले. रोज सकाळी मालती अंग पुसायला गेली की ते डावा हात उचलत, खोलीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत आणि एकेक शब्द ओढून काढत. "मालती. घोडी. घे."

कोपऱ्यात भिंतीवर त्यांचा जुना फोटो होता. तरुणपणी डोंगरातल्या वाड्यांवरच्या शाळा तपासायला ते घोडीवरून जायचे, तेव्हाचा. फोटोखाली मालतीचा माहेरून आलेला तंबोरा गवसणी घालून भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याच्यावर अप्पांचे टॉवेल वाळत टाकायची सोय तिनेच केली होती.

"जुन्या आठवणी गं," म्हणताना अजेयचे डोळे भरून येत. डोळे भरायला काय लागतं? बेडपॅन धुवायला मात्र माणूस लागतं.

आणि ते माणूस पाचला उठायचं. अप्पांचं आवरायचं, डबे भरायचं, इंदूबाई आली की अप्पांना तिच्यावर सोपवून खालापूरच्या शाळेत शिकवायला धावायचं. संध्याकाळी कर्जतला परत, मग स्वयंपाक, वह्या, औषधं. अजेय सकाळी नऊला कुंभिवलीच्या टायरच्या दुकानात जायचा तो रात्री नऊला उगवायचा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

पुण्याला शिकणाऱ्या अबोलीला फोनवर कळलं. "आई, किती गोड! घेऊन टाक ना." उंटावरून शेळ्या हाकण्यात लेक बापावर गेली होती.

"मुलगा तुम्ही," मालती नवऱ्याला म्हणाली. "मग तुम्हाला का नाही सांगत ते? घे म्हणतात ते मला! सुनेनं अजून काय काय घ्यायचं अंगावर?"

अप्पांची बोटं मात्र चादरीवर चालूच असायची. मधलं बोट एकदा, मग पहिलं बोट तीनदा. सावकाश, पुन्हा पुन्हा.

"बघ, लगाम धरतायत," अजेय म्हणाला. लगाम असा धरतात का, ते घरात कुणाला ठाऊक होतं!

रविवारी त्याने तिला न विचारता कळंबहून धाकलूला बोलावलं. धाकलू रिसॉर्टवरच्या पाहुण्यांना घोडीवर फिरवायचा. आता गुडघे गेले म्हणून घोडी विकायला काढली होती. तांबूस, शांत मैना अंगणात येऊन उभी राहिली आणि तिने पहिल्याच मिनिटाला मालतीच्या तुळशीपाशी लीद टाकली.

"गरीब जनावर हाय वैनी," धाकलू म्हणाला. "जास्त काय नाय. सकाळी लीद काढायची, पानी दाखवायचं, खरारा करायचा. पाचला उठलं की झालं."

"पाचला मी उठलेलीच असते. आता काय चारला उठू?"

"ते तुमी ठरवा. पन रोज घरात कुनीतरी लागतंय तिला. तुमच्यात कोन हाय?"

अजेयने मालतीकडे पाहिलं. मग धाकलूनेही पाहिलं.

मालतीच्या अंगाची लाही लाही झाली. "घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात. इथं दोन्ही मीच आहे!"

ती मैनेकडे बघत राहिली. चार महिन्यांत या म्हाताऱ्याने एकच गोष्ट मागितली होती. जेवण नाही, देव नाही, लेक नाही. लग्न होऊन आली तेव्हा घरात तिच्याशी धड बोलणारा हा एकच माणूस होता. तिचा राग ओसरला नाही, पण आतून काहीतरी हललं.

"आणा अप्पांना बाहेर," ती म्हणाली. "त्यांचा चेहरा एकदा जरी फुलला तरी घेते. उठेन चारला."

अजेयने चाकाची खुर्ची ओसरीवर आणली. धाकलूने मैनेचं तोंड अगदी त्यांच्या हाताशी नेलं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग मालतीकडे. आणि त्यांनी मान हलवली.

"ना... ही."

"नाही?" मालतीचा आवाज चढला. "चार महिने माझा जीव खाल्लात, आणि आता नाही?"

अप्पांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली आणि घरात, कोपऱ्याकडे बोट केलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"तो फोटोच काढते आता! म्हणजे मिटेल एकदाची कटकट."

ती तरातरा आत गेली. खिळ्यावरचा फोटो ओढताना तिचं कोपर तंबोऱ्याला लागलं. टॉवेल घसरले, जुनी गवसणी उसवली, आणि तंबोरा आडवा होता होता तिने तो छातीशी सावरला. चारही तारा, एक मधल्या बोटाची आणि तीन पहिल्या बोटाच्या, सैल लोंबत होत्या. त्या ज्यावर टेकतात ती घोडी नव्हती. तिच्या जागी भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर चिकटवायच्या सरसाचा वाळका डाग होता.

ओसरीवरून पुन्हा आवाज आला. "मालती. घोडी. घे."

"एवढं बाळंतपण होऊ दे अप्पा, मग सगळ्यात आधी मिरजेहून नवी घोडी घेते," असं बावीस वर्षांपूर्वी तिनेच त्यांना सांगितलं होतं.