पाचवी सदस्य

शिलाई कारखान्याच्या ऑफिसात तक्रार समिती बसली होती. समिती म्हणजे कोण, तर मालकीण, तिची नणंद, सुपरवायझर आणि मशीनवरच्या बायकांची मुकादमबाई. नाव मोठं, लक्षण खोटं. कायद्यात आहे म्हणून समिती झाली, आणि उद्या तपासणीचे साहेब येणार म्हणून बसली. एरवी यांना कुठली सवड.

तक्रार करणारी उभी होती. पाचव्या खुर्चीवर नणंदेची पर्स बसली होती.

कारखान्यात तिला कॉलरवाली म्हणत. तिच्यासारखी कॉलर कुणाला बसवता येत नसे. जन्मली मुलगा म्हणून, जगत होती बाई म्हणून, आणि सरकारी कागदही बाईचेच करून आणले होते. तरी मुकादमबाई बायकांच्या संडासाला कुलूप लावी आणि किल्ली तिला सोडून सगळ्यांना देई. कॉलरवाली दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसे. महिन्यात दोनदा लघवीची जळजळ होऊन तापाने पडली होती. मागणं एवढंच, की किल्ली द्या.

"तुझ्याबद्दल आमच्या मनात काही नाही हो," मालकीण म्हणाली. ज्यांच्या मनात सगळंच असतं, ती माणसं हे फार म्हणतात.

"बायका अवघडतात," मुकादमबाई म्हणाली.

"कपडे बेतायला माझ्याकडेच येतात ना, ताई? टेप लावते तेव्हा हात वर करून उभ्या राहतात. तुम्ही तर श्वास रोखून धरता, कंबर बारीक भरावी म्हणून."

सुपरवायझर हसला. मग आपण कुणाचं मीठ खातो ते आठवलं, तेव्हा खोकला. "चौकात पेट्रोल पंप आहे की. दहा मिनिटांची वाट. तेवढाच व्यायाम."

घरात नणंदच काय ती शिकलेली, म्हणून कायद्याची पुस्तिका तिच्या हातात होती. ती मध्येच म्हणाली, "वहिनी, सदस्य पाच लागतात. आपण चारच आहोत. आणि एक त्यांच्यातला, म्हणजे तृतीयपंथी हवा, असं लिहिलंय."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग कॉलरवालीकडे. जिची तक्रार, तिलाच पंच करायचं. अक्कल गुडघ्यात असली की असंच सुचतं.

"बस गं," मालकीण म्हणाली. "मानाचं पद आहे."

नणंदेने पर्स मांडीवर घेतली आणि तिची चेन लावली. कॉलरवाली बसली. ठराव आधीच लिहून ठेवला होता, तक्रारीत तथ्य नाही म्हणून.

"माझा विरोध आहे."

"लिही की," मालकीण म्हणाली. "चारास एक. कुणाचं तोंड दाबत नाही आम्ही."

तिने 'विरोध' लिहिलं, खाली सही केली. अक्षर तिच्या टाक्यांसारखंच सरळ.

"म्हणजे मी आता सदस्य?"

"वर्षभर," नणंद ऐटीत म्हणाली. "मध्येच काढता येत नाही कुणाला. कायदाच आहे तसा."

"मग सदस्य कुठे जातात?"

"कुठे म्हणजे?"

"तुम्ही काही पेट्रोल पंपावर जात नाही."

मुकादमबाईची नजर चुकून मालकिणीच्या खुर्चीमागे, ऑफिसच्या संडासाच्या दाराकडे गेली. समितीवर आल्यापासून तिलाही ते दार उघडं झालं होतं, आणि तो तोरा तिने सगळ्या कारखान्यात मिरवला होता.

कॉलरवाली उठली. मालकिणीला वाट देण्यासाठी खुर्ची पुढे ओढावी लागली, आणि तिने ती ओढली.

आतून कडी लागली. थोड्या वेळाने नळ सुरू झाला, आणि चांगला सुरूच राहिला. चौघं ऐकत बसली.

"आत माझा टॉवेल आहे," मालकीण हळूच म्हणाली.