बंद मशीनचं तापमान

बँकेच्या साहेबांनी मशीनवरून एक बोट फिरवलं आणि बोटाच्या टोकाला लागलेली धूळ नीट पाहिली.

"छान बसलीय," ते म्हणाले. "अगदी सगळीकडे सारखी."

ताईनं मान वर केली नाही. तासाभरापूर्वी तिनंच केरभरणीतली धूळ चहाच्या गाळणीतून मशीनवर चाळली होती. मशीन तिच्या धाकट्या भावाचं, औषधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं बनवायचं. त्यावरच्या कर्जाला तारण होतं ताईचं घर.

"कधीपासून बंद आहे?"

"आठ महिने, साहेब," भाऊ म्हणाला. आठ महिने ते खरोखरच बंद होतं. परवापर्यंत.

साहेबांनी फाइल उघडली. बंद पडलेल्या धंद्यांसाठी बँकेनं सवलत काढली होती. मशीन विकायचं, थकबाकीतले चाळीस टक्के एकदम भरायचे. बाकीचं कर्ज माफ, तारण मोकळं. धंदा चालू असेल तर माफी नाही. मुदत वाढवून मिळायची, पण पै न् पै फेडायची, आणि तोवर घर अडकलेलं. यातलं काय लागू होतं, ते आजच्या पाहणीवर ठरणार होतं.

"पाटीवरचा नंबर पुसलाय," साहेब वाकून म्हणाले. "पडद्यावर येत असेल ना? मेन स्विच चालू करा जरा."

भावानं एकदा ताईकडे पाहिलं आणि मेन वर केला. पडदा उजळला. मशीनचा नंबर आला, साहेबांनी तो उतरवून घेतला. त्याच्या खाली आणखी एक आकडा होता. बॅरलचं तापमान, एकशे अठरा अंश.

तयार झाकणं लपवली होती. प्लॅस्टिकच्या दाण्यांचं पोतं जिन्याकडे ओढून नेलं होतं. दोनशे दहा अंशांवर दाणे वितळवणारी ही बॅरलची जाड नळी बंद केल्यावर निवायला निम्मा दिवस घेते, हे भावाला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण उष्णताही लपवायची असते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मिनिटभरात एकशे सतरा झाले.

"आठ महिन्यांत अजून निवलं नाही म्हणायचं," साहेब म्हणाले.

"जाड लोखंड आहे, साहेब," ताई म्हणाली.

साहेबांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. त्यांनी पेन खिशाला अडकवलं. "मी खाली चहा घेऊन येतो. पंधरा मिनिटं. परत आल्यावर पडद्यावर जे दिसेल ते लिहीन. पडदा काळा असेल, तर काळा लिहीन."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरत गेली.

"भला माणूस आहे," ताई म्हणाली. "कर बंद."

भाऊ मेनपाशी गेला, पण त्याचा दुसरा हात बॅरलवरच्या पत्र्यावर होता, उलटा, ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा.

"विकून चाळीस टक्के निघतील?" ताईनं विचारलं.

"तेवढेच निघतील. वर काही नाही."

"मग तू काय करशील?"

"नोकरी बघेन. तुझं घर तर सुटेल. तू सही केलीस तेव्हापासून भाऊजी माझ्याशी धड बोलत नाहीत."

"ते माझ्याशी तरी कुठे बोलतात."

भाऊ हसला नाही. आकडा एकशे अकरावर आला होता.

ताईनं टेबलाखालचं खोकं पायानं पुढं ओढलं. वरचंच एक झाकण उचलून तिनं कडेवरून बोट फिरवलं. कुठे टोचलं नाही. "किती द्यायचीत?"

"बारा हजार. परवा."

"झाली किती?"

"सात."

"आणि उरलेली पाच काय तोंडानं फुंकून काढणार आहेस?"

"ताई, एकच ऑर्डर आहे ही. दर महिन्याला घेईन म्हणालाय तो औषधवाला, पण बोलायला काय जातं? उद्या तो फिरला, तर घर तुझं जाईल, माझं नाही."

"माहितीय मला. सही वाचून केली होती." तिनं झाकण परत खोक्यात टाकलं. "हप्ता चुकला तर तुझ्याकडे राहायला येईन. भाऊजींसकट."

"ती शिक्षा बँकेपेक्षा मोठी आहे."

"म्हणूनच चुकवू नकोस. गरम करायचं बटण कुठलं?"

भावानं मेनवरचा हात काढून घेतला. बटणं तीनच होती, आणि त्यातल्या एकावरची अक्षरं वर्षानुवर्षं दाबून पुसट झाली होती. ताईनं तेच दाबलं. मग तिनं खुंटीवरचा फडका घेतला आणि आपणच टाकलेली धूळ पुसायला लागली.

जिन्यात पावलं वाजली.

"साहेबांना म्हणावं जपून या," ती पुसता पुसता म्हणाली. "दाणे सांडलेत पायऱ्यांवर."

भाऊ हलला नाही. तो पडद्याकडे बघत होता. बटण दाबूनसुद्धा आकडा आणखी एका अंशानं उतरला होता. एवढ्या लोखंडाला उमजायला वेळ लागतो. एकशे सहा. पावलं वरच्या वळणावर आली. एकशे सहा. साहेब दारात येऊन उभे राहिले, पेन काढून.

एकशे सात.