तवा तापेपर्यंत

नव्या दगडी तव्याखाली जाळ घातला आणि आईने ओठांवर बोट ठेवलं. तवा पहिल्यांदा तापवताना अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. बोललं तर तो तडकतो. बरंच झालं, नुवामानाला वाटलं. ती शहरातून आल्यापासून मायलेकींचं एकच भांडण चाललं होतं: आई म्हणे इथेच राहा, ती म्हणे परत जायचंय.

दगडात तेल मुरावं म्हणून दिवसभर दोघींनी कलिंगडाच्या वाटलेल्या बिया तव्यावर चोळल्या. मग नुवामानाने निळ्या मक्याचं पातळ पीठ उघड्या हाताने पसरलं. बोटं पोळली, पण तिने हूं की चूं केलं नाही. कागदासारखी भाकरी अलगद सुटली.

आईने तिच्या बोटांवर फुंकर घातली, भाकरी तिच्याच तोंडात कोंबली.

"तवा पक्का झाला. तुझाच आहे," आई खणखणीत आवाजात म्हणाली. "आता भांड, किती भांडायचंय ते."

नुवामानाचं तोंड भरलेलं होतं. तिने हात पुन्हा पिठात बुडवला.