निळा थेंब

नेत्रपेढीतल्या बाईंनी दानात आलेल्या डोळ्यावर निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. या रंगाचं काम सरळ असतं. जिवंत पेशीचं आवरण त्याला दारातूनच वाटेला लावतं. पाणी आत घेईल, मीठ-साखर पारखून घेईल, पण हा पाहुणा नको. पेशी मेली की कोण आलं, कोण गेलं, हे विचारायला घरात कुणी उरत नाही.

बाईंना सगळीकडे निळंच दिसलं. दुसऱ्या डोळ्याचीही तीच गत. ज्या मुलीचे हे डोळे, ती वीस वर्षांची होती, काल दुपारी घरीच वारलेली. एवढे कोवळे डोळे वाया जाताना पाहून बाईंना फार वाईट वाटलं.

बाहेर बाकावर तिचे आईवडील बसले होते. डोळे कुणाला बसवले ते सांगत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. बसवले, एवढंच ऐकायला ते आले होते.

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "नाही वापरता येणार. पेशी जगल्या नाहीत."

वडिलांनी आईकडे हात केला.

"मॅडम, तुमची माणसं येईपर्यंत पंखा बंद ठेवायचा, असं हिनं मला सांगितलं होतं. मी केलाही होता बंद. मग सगळे बाहेर गेले आणि मी परत लावला. तिला पंख्याशिवाय कधी झोप लागली नाही हो. त्यानंच झालं का हे?"

अर्धवट मिटलेल्या डोळ्यांवर तीन-चार तास वारा लागला की ते सुकतात, हे बाई नव्या लोकांना घोकून घोकून शिकवत आल्या होत्या. अहवालात आजवर एक अक्षर त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं.

"छे, पंख्याचा काय संबंध? आजार लांबला की होतं असं कधीकधी."

वडिलांचा बांध फुटला. रडतच ते तोंड धुवायला नळाकडे गेले.

ते लांब गेल्यावर आई उठली आणि बाईंजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमचा फोन मीच घेतला होता. वाऱ्यानं डोळ्यांचं काय होतं, ते मला नीट समजावलं होतं तुमच्या माणसानं."

बाईंनी मान खाली घातली.

"त्यांना हेच सांगत राहा, परत कधी विचारलं तर." आईनं नळाकडे एकदा पाहिलं. "त्यांनी पंखा लावला तेव्हा मी दारातच उभी होते. बंद करायला माझाही हात उठला नाही. मला वाटलं, उकडत असेल तिला."