टीव्हीतल्या बाई

ओआहाकाच्या डोंगरातल्या आमच्या शाळेत तीन वर्गांना मास्तर मी एकटाच. बाकी सगळं टीव्ही शिकवतो. टीव्हीतल्या बाई प्रश्न विचारतात, जरा थांबतात आणि गोड हसून म्हणतात, “शाब्बास!”

आज टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या. मग मीच खडू घेऊन उभा राहिलो आणि फ्लोरिंदाला गणित घातलं. तिनं उत्तर दिलं.

“चुकलं,” मी म्हणालो.

पोरगी चक्क खूश झाली.

“अगं, चुकलं म्हणतोय मी!”

“हो ना मास्तर! त्या बाई काहीही सांगितलं तरी शाब्बासच म्हणतात. परवा मी ‘कोंबडी’ म्हटलं, तरी शाब्बास!”

वर्ग खिदळला. मीही हसत शिडी लावून छपरावर चढलो. डिशचं तोंड भलतीकडेच वळवलेलं होतं आणि ते हलू नये म्हणून हिरव्या रिबिनीनं खांबाला करकचून बांधलं होतं.

खाली आलो. फ्लोरिंदाच्या एकाच वेणीला हिरवी रिबीन होती.

“काय झालंय, मास्तर?” तिनं हळूच विचारलं.

“वाऱ्यानं फिरलीये गं. दुरुस्तीला बरेच दिवस लागतील.” मी खडू उचलला. “हं, ये इकडे. कुठं चुकलं ते बघू.”