घरच्या कामाचं मशीन

"यातला सगळ्यात स्वस्त कंचा?" हिंदुरावने पुन्हा विचारलं.

वेणीमाधवने काउंटरवर कटिंगचे तीन ग्रायंडर मांडले होते. नवी पेठेतल्या त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात असलं मशीन न्यायला यायचे ते वर्कशॉपवाले. घरच्या कामाला म्हणून मागणारे हे दोघे भाऊ पहिलेच. उजनीकडच्या गावातून सकाळच्या एसटीने आले होते.

"हे जुनं आहे, वापरलेलं," वेणीमाधव म्हणाला. "पण घरात नको. चाकावरचं कवच तुटलंय. चाक फुटलं तर इजा होईल."

"कुणाला? धरणाऱ्याला का म्होरच्याला?" धाकट्या मानसिंगने विचारलं.

"म्होरं कोण कशाला बसेल? कापायचंय काय, लोखंड की फरशी?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चांदी," हिंदुराव म्हणाला. "आईच्या पायातले तोडे. पाय सुजल्यात, निघंनात."

"मग सोनाराकडं जा की. हलक्या हातानं कापून देईल."

"सोनार गावभर करतोय." मानसिंग शांतपणे बोलत होता. "आन् आई गेल्यावर बहिणी वाटा मागाया येत्याल. मग कवा मशीन लावायचं?"

वेणीमाधवला किळस आली. चार खिळ्यांसाठी तासभर घासाघीस करणारी माणसं त्याने पाहिली होती, त्यांचं त्याला हसू यायचं. पण अशी घाण आजवर कुणी त्याच्या काउंटरवर आणून टाकली नव्हती. तिन्ही मशीनं त्याने पुढ्यातून ओढून घेतली.

"मला विकायचं नाही. उठा."

हिंदुराव चिडलासुद्धा नाही. "दुसरी दुकानं हायेत की," म्हणाला.

तेवढ्यात बाहेरच्या पायरीवर बसलेली म्हातारी भिंतीला धरून उठली. सावलीला टेकलेलं कुणीतरी असेल, असं वेणीमाधवला इतका वेळ वाटत होतं. ती दारात आली तसा जखमेचा वास आत आला. घोट्यावरची कातडी फुगून तोड्यांवर चढली होती आणि खालून पू येत होता.

"द्या की मालक माझ्या पोरांना," ती म्हणाली. "तोडे निघाल्याबिगर मला दवाखान्यात न्हेणार न्हाईत."

वेणीमाधवने दोघांकडे पाहिलं. त्याला थुंकावंसं वाटलं. हिंदुराव रस्त्याकडे बघत होता. मानसिंग काउंटरवर लोंबत राहिलेली जुन्या मशीनची वायर हाताने मोजत होता.

म्हातारी तिथंच खाली बसली. लुगडं वर घेऊन तिने एक पाय दोन्ही हातांनी उचलला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"हितंच चालवून बघा रं," ती पोरांना म्हणाली. "घरी न्हेऊन चाललं न्हाय, तर पुन्ना तुमालाच हेलपाटा."